दुसऱ्या कडव्यातली चूक

तबकडीवर गाणारीचं नाव आहे,
कवीचं आहे, कंपनीचं आहे,
एवढंच काय, तिच्या झगमगीत कोटाच्या शिंप्याचंही आहे.
बास वाजवणाऱ्याचं नाही.

आणि बास काढून घेतला तर ते गाणं म्हणजे
वाळत घातलेले कपडे, दोरीशिवाय.

डेट्रॉइट, जानेवारी. वादक संघटनेच्या तळघरात
हीटरला गुडघे लावून मी जुने पगारपट वाचतो.
मार्च चौसष्ट. तीन तास, चार गाणी, एकसष्ट डॉलर.
सहीच्या रकान्यात कॉफीच्या कपाचा गोल डाग.
डागाखाली एक रेघ आहे,
नाव असेल,
किंवा पेन चालतंय का ते कुणी पाहिलं असेल.

तीन घरं म्हणतात, तो आमचा.

टॅन्सीच्या मुलाने फोटो आणला.
वडील, खांद्याला बास, मागे भिंतीवर घड्याळ.
"सव्वाचार वाजलेत बघा, चारचंच तर रेकॉर्डिंग होतं!"
मी म्हटलं, घड्याळ वर्ष सांगत नाही हो.
पाकिटात परत ठेवण्याआधी
त्याने फोटो शर्टाला पुसला, दोनदा.

क्लिओटिस बार्नवेल अजून आहे. वय एक्क्याण्णव,
वृद्धाश्रमात, पार्किंगकडे तोंड करून.
सगळे म्हणाले, तोच तो, उगाच कुठे शोधतोस.
मी त्याच्या कानांवर हेडफोन ठेवले.
पांघरुणावर त्याची दोन बोटं चालू लागली,
दुसऱ्या कडव्यापर्यंत चालली
आणि पायरी चुकावी तशी थबकली.

"मी नाही," तो म्हणाला.
"साठ वर्षं लोक हे गाणं मला देत आले.
मीही कधी नको म्हटलं नाही,
विशेषतः बिल ते देत असताना.
पण इथे ऐक. हा खालचा स्वर. उशिरा उतरतो.
मी वेळेवर पोचलो असतो."
मग खिडकीबाहेर बघत, बऱ्याच वेळाने:
"आणि गाणं बिघडलं असतं."

उरलं एक घर. विल्मेटा प्रुइट,
तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई,
अजूनही बोलताना आरशात मागे बघावं तशी बघते.
नवरा होझेया, गाड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी,
दुपारी झोपायचं सोडून कुठे जायचा
ते हिला कळलं ते खिशातल्या पावत्यांवरून.
फोटो? नाही. चिठ्ठीचपाटी? नाही.
बास गहाण पडला तो पडलाच.

मी सुई ठेवली.
ती स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात फडकं.
पहिलं कडवं गेलं. चेहऱ्यावर काही नाही.
दुसऱ्यात, त्या स्वराच्या अर्धा श्वास आधी,
तिचा हात आपोआप मानेमागे गेला.

"प्रेसमध्ये सापडलं होतं त्याचं बोट," ती म्हणाली,
"डावं, करंगळीशेजारचं.
रविवारी चर्चला निघताना
माझ्या झग्याचा वरचा हूक तो लावायचा.
बाकीचे पटापट. वरच्याशी असाच थांबायचा.
असाच. बघ. आता."

आणि स्वर उतरला.

माझ्या तक्त्यात 'पुरावा' असा रकाना आहे.
समितीला कागद लागतो, तारीख लागते,
जमलंच तर साक्षीदार, हयात.
हूक कुठे लिहायचा?
इतके महिने मी सही शोधत होतो डागाखाली,
त्याने ती केली होती उघड्यावर, अर्धा ठोका उशिरा,
आणि सगळं शहर तिच्यावर नाचलं होतं.

पेन्सिलने लिहिलं: बास, होझेया प्रुइट.
पेन्सिलनेच. मी नोकर माणूस आहे.

"पैसे मिळतील काही?" तिने विचारलं.
बहुधा नाही, मी म्हटलं.
तिने फडकं खांद्यावर टाकलं, खुर्ची ओढली.
"मग लाव परत.
पहिलं कडवं सोडून दे."